डावा कोपरा

सोळा वर्षं मी डाव्या कोपऱ्यात उभा होतो.
चवड्यांवर, जरासा वाकून.
चढाईला आलेल्याच्या डोळ्यांकडे बघायचं नाही,
डोळे खोटं बोलतात,
घोट्याला ते जमत नाही.
कुठल्या पायावर भार आहे, कुठला उचलेल,
हे मला त्याच्या आधी कळायचं.
मग झेप, आणि दोन्ही हातांत
एक घोटा, तळ्यातल्या माशासारखा.
त्याचा दम तुटेस्तोवर सोडायचा नाही.
एवढंच माझं शिक्षण.

गेल्या मे महिन्यात लिलावात माझं नाव वाचलं.
टीव्हीसमोर घरची सगळी, शेजारचे निमजेकाका,
प्रत्येकाच्या हातात तर्रीपोहे.
वाचणारा नावापाशी थांबला, पाणी प्यायला,
आणि पुढचं नाव घेतलं.
निमजेकाका म्हणाले, "लाइन गेली होती काय मधात?"
कूलर धडधडत होता.

मग एकानं जिम काढू म्हटलं, भागीदारीत, पैसे माझे.
एकानं वॉर्डाच्या बॅनरसाठी फोटो नेला,
परत आणून दिला नाही.
बर्डीवर दोन पोरं मागून येत होती:
"अबे, हा तोच होय ना बे, कबड्डीवाला?"
"नाही बे. तो उंच होता."

आता धंतोलीत, एका दवाखान्याच्या तळघरात
मी बूट शिकतो.
सपाट पायांचे, वाकड्या टाचांचे,
ज्यांची दोन बोटं काढली त्यांचे.
नाझनीन मॅडम शिकवतात. वय सव्वीस. मी अडतीस.
पहिल्या दिवशी त्यांनी प्लॅस्टरचा एक पाय दिला,
"हात फिरवून सांगा, याला कुठे दुखत असेल?"
मी सांगितलं.
त्यांनी वहीत पाहिलं, मग माझ्याकडे.
"बरोबर. पण एवढा दाबू नका,
हा कुठे पळून जात नाहीये."

मंगळवारी सोनूबाई धकाते आल्या.
कॉटन मार्केटात चाळीस वर्षं उभ्यानं भाजी विकलेली,
साखरेनं तळवे बधिर.
मी जमिनीवर गुडघा टेकला
(दोन स्क्रू आहेत त्यात, थंडीत बोलतात)
आणि त्यांचा पाय हातात घेतला.
घोट्याभोवती बोटं आपोआप मिटली,
जुनी कडी.
मी वाट बघत राहिलो.
आता हिसका येईल. आता वळेल. आता टाच झाडेल.
सोळा वर्षांत असा एकही पाय हाताला लागला नव्हता
ज्याला सुटायचं नव्हतं.

बाई पंख्याकडे बघत होत्या.
जरा वेळानं म्हणाल्या,
"कवा धरशीन रे बावा पाय? माही बस निंगून जाईन."
"धरला ना आजी. कवाचाच."
"हो काय?"
पंच रेषेवर वाकून बघतो, तशा त्या वाकल्या,
माझे हात पाहिले, हसल्या.
टाचेत एक खडा रुतला होता.
किती दिवसांचा, कुणास ठाऊक.
मी तो काढून त्यांच्या तळहातावर ठेवला.
त्यांनी तो चष्म्याजवळ नेऊन पाहिला,
आणि पिशवीत टाकला, भाव न ठरलेल्या लिंबासारखा.

रात्री लेक झोपली की
मी तिचा घोटा धरून बघतो.
इतका, की सुटू नये.
इतकाच, की जाग येऊ नये.
या दोहोंच्या मधे कुठेतरी एक जागा आहे,
ती मैदानावर आखलेली नव्हती.
काल ती उठलीच. "बाबा, काय करून राहिले तुम्ही?"
"अभ्यास," म्हटलं.

सोनूबाईंचे बूट शनिवारी द्यायचेत.
उजवा जमला.
डावा मॅडमनी एका बोटानं परत सरकवला.
उसवतोय.